मालकाचे वाचन

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत हळर्ण येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन कार्यवाह माझ्याकडे आले, तेव्हा मी संतसाहित्यावर किंवा मराठी कादंबरीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय सांगितला : नोकर ठेवणाऱ्याने बदलत्या कामगार कायद्यांशी गाठ कशी राखावी. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, यासाठी वकील बोलावलेला बरा नव्हे का?" मी म्हटले, वकील अवश्य बोलवा, पण नंतर. आधी एका वाचकाला बोलू द्या. मी कायद्याचा पदवीधर नाही, मराठीचा अध्यापक आहे. शब्द वाचणे हा माझा व्यवसाय, आणि कायदा हाही शेवटी शब्दांचाच बनलेला असतो. शिवाय या विषयात आमच्या घरातून घडलेली एक चूक आहे. ती माझ्याच तोंडून आपल्यापुढे यावी, असे मला फार दिवस वाटत होते.

आपण ज्या गावात बसलो आहोत, त्या गावचा किल्ला शापोरा नदीच्या काठी अजून उभा आहे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला आणि त्या विजयापोटी त्याला 'मार्केस द आलोर्न' ही पदवी मिळाली. आलोर्न म्हणजे आपले हळर्ण. एका गावाचे नाव अशा रीतीने लिस्बनच्या सरदार घराण्याला चिकटले. परंतु त्या तटाचे चिरे ज्यांनी वाहिले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. ज्याने काम करून घेतले त्याचे नाव राहते, ज्याने काम केले त्याची नोंद राहत नाही. आजचा माझा सगळा विषय या एका वाक्यात आहे. कामगार कायदा म्हणजे, सोप्या भाषेत, राबणाऱ्याची नोंद राहावी म्हणून समाजाने मालकावर घातलेले बंधन.

आता शब्दांकडे वळू. आपण रोज 'पगार' म्हणतो. हा शब्द संस्कृत नाही, फारसीही नाही. तो पोर्तुगीजांकडून आला, आणि मूळ अर्थ 'देणे', 'चुकते करणे'. म्हणजे पगार हे मालकाने चुकते करावयाचे देणे आहे, कृपा नव्हे. परंतु आपल्या बोलण्यात त्याच्या शेजारी दुसरे शब्द बसले आहेत : धनी, चाकर, गडी, आणि सर्वांत गोड व सर्वांत फसवा शब्द म्हणजे 'घरचाच'. "तो काय नोकर आहे? तो आमच्या घरचाच!" या गोडव्यात खोटेपणा असतो असे मी म्हणत नाही. आपल्या पेडणे महालात भाटकाराने मुंडकाराच्या मुलीच्या लग्नाला नारळाची रास पाठवल्याची उदाहरणे आहेत, आणि त्याच भाटकाराने त्याच मुंडकाराला एका रागाच्या झटक्यात घर सोडायला लावल्याचीही आहेत. माया होती, पण लिहिलेले काही नव्हते. मायेचा दस्तऐवज होत नाही. म्हणूनच १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा गोव्यात करावा लागला.

हा विचार परका आहे असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनी आणि कामकरी यांच्या व्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. कामाचा करार शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असावा, ठरलेले वेतन द्यावे, वेतन ठरलेले नसेल तर शेतकामकऱ्यास पिकाचा व गुराख्यास तुपाचा दहावा भाग द्यावा, आणि वेतन न देणाऱ्यास दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. शेजाऱ्यांना ठाऊक असावा, म्हणजे काय? साक्षी असावा, नोंद असावी. आज आपण ज्याला नेमणूकपत्र म्हणतो, त्याचेच ते जुने रूप.

कायदा बदलला की मालक धास्तावतो. "आता धंदा करायचा कसा?" हा प्रश्न मी पेडण्याच्या बाजारात अनेकदा ऐकला आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी रविवारची आठवण करून देतो. रविवारी दुकान बंद ठेवणे आज कोणाला जुलूम वाटत नाही. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ही सुट्टी सहज मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या, आणि १८९० साली गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. तेव्हाही धंदा बुडेल असे म्हणणारे होतेच. बाळंतपणाच्या रजेचेही तसेच. मुंबई इलाख्यात तिचा कायदा १९२९ साली झाला. त्याआधी विधिमंडळात त्याला पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामगार कायद्यांची मोठी बांधणी झाली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. बाळंतपणाची रजा २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. आज जे नवे बंधन वाटते, तो उद्याचा रिवाज असतो.

आपल्या गोव्याची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबई-पुण्याचा मालक हे कायदे एकामागून एक, वर्षानुवर्षे पचवीत आला. आपल्याकडे १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती आली, आणि १९६२ च्या विनियमाने भारतातील अनेक कायदे एकदमच येथे लागू झाले. नंतर १९६४ चा कूळकायदा, १९७३ चा दुकाने व आस्थापनांचा कायदा. ज्या दुकानदाराने आयुष्यभर पोर्तुगीज भाषेतील कागदांवर नुसता अंगठा किंवा सही ठेवली होती, त्याच्यापुढे अचानक इंग्रजी कागद आले. पोर्तुगीज अमदानीत १८३७ पासून सरकारी 'बोलेतिं' निघत असे. त्यात हुकूम छापले जात, पण महालातल्या किती मराठी माणसांना ते वाचता येत होते? १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, बंधने सैल झाली, आणि त्यानंतरच्या काळात गोव्यात गावोगावी मराठी शाळा व वाचनालये निघाली. त्यामागे नुसती कथा-कादंबऱ्यांची हौस नव्हती. आपल्याविषयी काय लिहिले जात आहे, ते आपल्याला कळावे, ही भूक होती. शंभर वर्षे चाललेल्या वाचनालयात आज मी राजपत्राची गोष्ट करतो आहे, ती या भुकेला स्मरून.

आता माझ्या स्वतःच्या व्यवसायातील एक प्रकरण सांगतो, कारण तेथून मी घरच्या चुकीपर्यंत पोहोचलो.

गोव्यातल्या एका खाजगी शाळेतील शिक्षिकेला कामावरून कमी केले गेले. तिने औद्योगिक विवादाच्या कायद्याखाली दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ साली निकाल लागला : शाळा हा 'उद्योग' आहे, परंतु शिक्षक हा 'कामगार' नव्हे. एकाच निकालात दोन शब्द, आणि दोहोंच्या मधून शिक्षिका निसटून खाली पडली. पुढे ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा-उपदानाचा, प्रश्न आला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की १९७२ च्या कायद्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत. मग संसदेने २००९ साली व्याख्या दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खाजगी शाळांनी तिला आव्हान दिले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. 'कर्मचारी' या एका शब्दाचा अर्थ ठरायला इतकी वर्षे गेली, आणि त्या अर्थावर हजारो शिक्षकांचे म्हातारपण टांगलेले होते.

२००९ च्या दुरुस्तीची बातमी आली, तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात मी मोठ्या आवेशाने बोललो. व्याख्या कशी वाचावी, पूर्वलक्षी प्रभाव म्हणजे काय, संस्थाचालकांनी कसे सावध व्हायला हवे, हे सगळे मी सहकाऱ्यांना समजावून सांगितले. सायंकाळी मी घरी आलो. आमच्या घराच्या मागे थोरल्या बंधूंचा काजूचा कारखाना. भट्टी पेटलेली, चौदा माणसे कामावर, त्यांत बहुतेक बायका. काजू फोडणाऱ्या, साल काढणाऱ्या, गर निवडणाऱ्या. त्यांच्यापुढून मी आत गेलो आणि चहा घेतला. सकाळी ज्या कायद्यावर मी व्याख्यान दिले, तोच कायदा दहा माणसांच्या कारखान्यालाही लागू असतो, ही गोष्ट माझ्या मनालाही शिवली नाही. दुसऱ्याच्या मालकाला कायदा शिकवणे सोपे असते.

सात वर्षांनी, २०१६ साली, गर निवडणाऱ्या एका मावशींनी काम सोडले. डोळ्यांना दिसेनासे झाले होते. पांढरा गर आणि किंचित डागी गर यांतला फरक हाताला कळत नाही, तो डोळ्यांनाच कळावा लागतो. दादांनी त्यांना साडी दिली, पाच हजार रुपये पाकिटात घालून दिले, वहिनींनी ओटी भरली. मावशी रडल्या, घरातलेही रडले. सर्वांना वाटले की झाले, आपण चांगले वागलो. चार-सहा दिवसांनी वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना उपदानाविषयीचा एक साधा माहितीपर लेख माझ्या दृष्टीस पडला. त्यात हिशेबाची रीत दिली होती : शेवटच्या मासिक वेतनाला सव्वीसने भागावे, पंधराने गुणावे, आणि जितकी वर्षे सेवा झाली त्या संख्येने पुन्हा गुणावे. मी तेथेच एका चिठोऱ्यावर आकडे मांडले. मावशींचा पगार ९,१०० रुपये. सव्वीसने भागता ३५०. पंधराने गुणता ५,२५०. आता वर्षे किती?

येथेच मी अडलो. कारखान्याच्या वहीत मावशींच्या नावाने उचल लिहिली होती, सणाची बक्षिसी लिहिली होती. कामावर कधी लागल्या ते कोठेही नव्हते. नेमणूकपत्र नव्हते. जुना हजेरीपट वाळवीने खाल्लेला. मी त्यांच्या घरी गेलो आणि विचारले. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या बाबांचे वर्षश्राद्ध झाले, त्याच महिन्यात मी लागले. जेवणावळीची भांडी मीच घासली होती." आमच्या वडिलांचे वर्षश्राद्ध १९९७ साली झाले. म्हणजे एकोणीस वर्षे. आमच्या घरातल्या एका मृत्यूच्या आधारावर तिच्या नोकरीची तारीख उभी राहिली. दुसरा आधार नव्हता.

५,२५० गुणिले १९. नव्व्याण्णव हजार सातशे पन्नास रुपये.

मी दादांना आकडा सांगितला. ते संतापले. "अरे, ती आमच्या घरचीच न्हय? तिने मागितले काय? तू कोण तिचा वकील?" मी म्हटले, दादा, तिने मागायची गरज नाही. कायदा म्हणतो की अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून देण्याची जबाबदारी मालकाची, आणि तीस दिवसांच्या पुढे गेले की व्याज. आणि घरची म्हणतोस, तर घरच्या माणसाला वाटणी मिळते, साडी नव्हे. आठ दिवस आमचे बोलणे बंद होते. दादांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्या वर्षी कच्च्या बियांचा भाव चढला होता, बँकेचा हप्ता होता, आणि एक लाख रुपये ही त्यांच्या दृष्टीने पुढल्या हंगामाची अर्धी खरेदी होती. त्यांनी कोणाला लुबाडले नव्हते. त्यांनी वाचले नव्हते, आणि ज्याने वाचले होते त्याने, म्हणजे मी, घरात सांगितले नव्हते. शेवटी दादांनी दोन हप्त्यांत सगळी रक्कम व्याजासह दिली. मावशींनी त्यातून दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली आणि उरलेले पोस्टात ठेवले. दादा आजही लग्नाकार्यात चारचौघांत मला म्हणतात, "या मास्तराने मला लाखाला घातले." पण त्यानंतर कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते तारीख घालून कागद देतात. तो कागद मराठीत असतो, आणि मसुदा माझ्याकडून तपासून घेतात.

ही गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली की आपण सर्व दादांसारखेच आहोत. आणि आता तर मोठा बदल आपल्या दारात आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या : वेतनाची, औद्योगिक संबंधांची, सामाजिक सुरक्षेची, आणि कामाच्या जागेतील सुरक्षितता व आरोग्याची. एकोणतीस जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. ज्या १९७२ च्या कायद्याने मावशींचा हिशेब झाला, तोही त्यांतच गेला. नियमांचे तपशील केंद्र व राज्य यांच्या राजपत्रांतून पाहावयाचे असतात, म्हणून मी येथे फक्त मूळ संहितांतील चार-पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट 'वेतन' या शब्दाची. आजवर पुष्कळ ठिकाणी मूळ पगार लहान ठेवून बाकीची रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत वाटली जाई, कारण भविष्यनिर्वाह निधी व उपदान मूळ पगारावर मोजले जात. नव्या व्याख्येत, वगळावयाचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. समजा वीस हजारांत मूळ पगार सात हजार आणि भत्ते तेरा हजार. निम्मे म्हणजे दहा हजार. वरचे तीन हजार वेतनात मिळतील आणि वेतन दहा हजार धरले जाईल. ज्यांनी पगारपत्रक अशा रीतीने मांडले असेल, त्यांनी ते पुन्हा मांडावे.

दुसरी गोष्ट : पूर्वी किमान वेतन हे सरकारने अनुसूचीत घातलेल्या व्यवसायांपुरते होते. आता ते सर्व नोकऱ्यांना आहे. "आमचा धंदा त्या यादीत नाही" हे उत्तर संपले.

तिसरी : मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावयाचा. आणि कोणी राजीनामा दिला किंवा त्याला काढून टाकले, तर त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे. "पुढच्या पहिल्या तारखेला ये" असे म्हणण्याची आपली जुनी सवय आता कायद्याबाहेर आहे.

चौथी : ठरावीक मुदतीवर नेमलेल्या माणसालाही एक वर्ष पूर्ण होताच त्या प्रमाणात उपदान मिळते. इतरांना पूर्वीप्रमाणे पाच वर्षांची अट आहे. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरील हॉटेलवाल्यांनी आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तेथे माणसे पुरवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कंत्राटदारामार्फत माणसे घेतली आणि कंत्राटदाराने त्यांचे वेतन बुडवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. कंत्राट दिले म्हणजे हात झटकले, असे होत नाही.

पाचवी गोष्ट संहितेतली नाही, पण सांगितली पाहिजे. कामाच्या ठिकाणी स्त्रीची कुचंबणा होऊ नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली निर्देश दिले, आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे तक्रार ऐकणारी समिती मालकाने नेमावयाची. दहांहून कमी असतील तर जिल्ह्याची समिती आहे. तसेच २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. चहाच्या दुकानातला फडके मारणारा पोरगा, ज्याला आपण "शाळेत मन लागत नाही म्हणून ठेवला" असे म्हणतो, तोही नाही. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करणाऱ्या स्वतःच्या मुलापुरता अपवाद आहे. शेजाऱ्याच्या मुलाला तो लागू नाही.

हे सर्व ऐकून एखादा दुकानदार म्हणेल, "सर, आम्ही माल आणायचा, गिऱ्हाईक सांभाळायचे, की राजपत्र वाचत बसायचे?" ही तक्रार खोटी नाही. मोठ्या कंपनीत या कामासाठी स्वतंत्र खाते असते. तुमच्याकडे तुम्हीच मालक, तुम्हीच मुनीम, तुम्हीच हमाल. कायद्याची भाषा कठीण आणि बहुधा इंग्रजी. म्हणून मी तुम्हाला सगळे कायदे पाठ करायला सांगत नाही. चार सवयी लावा, एवढेच सांगतो.

एक, माणूस कामावर आला त्या दिवशी तारीख, काम आणि पगार लिहून सहीचा कागद त्याच्या हाती द्या आणि एक प्रत आपल्यापाशी ठेवा. दोन, हजेरीपट आणि वेतनपट रोजच्या रोज लिहा, आणि वाळवी लागणार नाही अशा जागी ठेवा. तीन, एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन महिने ध्यानात ठेवा. किमान वेतनावरचा महागाई भत्ता गोव्यात या दोन महिन्यांपासून बदलत आला आहे, तेव्हा दर सहा महिन्यांनी नवा दर विचारून घ्या. चार, दर वर्षी दिवाळीच्या हिशेबाला माणसे मोजा. दहा झाली की राज्य कामगार विमा, उपदान, तक्रार समिती हे दरवाजे उघडतात. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधीचा. आणि उपदान एकदा लागू झाले की पुढे माणसे नऊवर आली तरी सुटत नाही. या चार सवयी असतील, तर कायदा कितीही वेळा बदलो, तुम्हाला वहीतले एखादे घर बदलावे लागेल, वही बदलावी लागणार नाही.

शेवटी मी यजमानांकडे वळतो, आणि ते माझ्या स्पष्टपणाची क्षमा करतील अशी आशा बाळगतो. वाचनालयही कोणाला तरी पगार देते. ग्रंथपाल असतो, दार उघडणारा, पुस्तकांवरची धूळ झटकणारा शिपाई असतो. आपल्या मराठी संस्थांत अशा माणसांच्या मोबदल्याला 'मानधन' म्हणण्याची चाल आहे. शब्द सुंदर आहे. पण व्याख्यात्याला एका सायंकाळसाठी दिले जाते ते मानधन. वीस वर्षे रोज सकाळी आठ वाजता कुलूप उघडणाऱ्याला दिले जाते ते वेतन. त्याला मानधन म्हटले की मानही राहत नाही आणि धनही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 'उद्योग' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली की धर्मादाय संस्थाही तिच्यात येऊ शकल्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय व समाजसेवी संस्थांना त्या व्याख्येतून बाहेर ठेवले आहे. परंतु ती सवलत त्या संहितेपुरती आहे. आपण समाजसेवा करतो, म्हणून आपल्या शिपायाचे किमान वेतन माफ झाले, असा कोणी समज करून घेऊ नये. समाजसेवा संस्था करते. शिपाई नोकरी करतो.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, वाचनालयाच्या वाचनकक्षात एक मेज मालकांसाठी राखावे. त्यावर गोवा सरकारचे राजपत्र, महागाई भत्त्याचे ताजे दर, नेमणूकपत्राचा आणि हजेरीपटाचा मराठी नमुना ठेवावा. महिन्यातून एकदा, बाजारच्या सुट्टीच्या सायंकाळी, कोणी तरी ते मोठ्याने वाचून मराठीत समजावून द्यावे. पहिली सहा वाचने करण्याची जबाबदारी मी घेतो. जेथे अडेल तेथे वकिलाला विचारू, आता मी त्यांनाही आनंदाने बोलावीन. या मेजावर नोकरीला असणाऱ्यानेही यावे. मालकाने आणि नोकराने एकच कागद वाचला, तर निम्मी भांडणे कामगार आयुक्तांच्या कचेरीपर्यंत जाणारच नाहीत.

दुसरी मागणी लहान आहे. शताब्दीच्या स्मरणिकेत अध्यक्षांची, कार्यवाहांची, देणगीदारांची नावे छापली जातील, ती छापावीच. त्यांच्याबरोबर शंभर वर्षांत या वाचनालयात पगारावर काम केलेल्या प्रत्येक ग्रंथपालाचे आणि शिपायाचे नाव, कामावर लागल्याच्या आणि सोडल्याच्या तारखेसह छापावे. तारखा सापडणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्या घरी जाऊन विचारा. कोणी सांगेल, अमक्याच्या लग्नाच्या साली, तमक्या पुराच्या साली. तेही लिहून घ्या. आणि आज जे कामावर आहेत, त्यांच्या हाती या समारंभातच नेमणूकपत्र द्या, म्हणजे पुढच्या शंभर वर्षांनी कोणाला विचारत फिरावे लागणार नाही.